हद्दवाढ भागातला रस्ता आणि ड्रेनेज: नगरसेवकाकडे नेमकं काय घेऊन जायचं?

हद्दवाढ_९२

१९९२ च्या हद्दवाढीत शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे ही गावं सोलापूर महापालिकेत आली. तीस वर्षं उलटून गेली, तरी तिथल्या कितीतरी नगरांत पावसाळ्यात दुचाकी रुतते आणि सांडपाणी मोकळ्या प्लॉटात साचतं. निवेदनं दिली जातात, फोटो निघतात आणि काम "निधी आला की करू" वर येऊन थांबतं. ते नेमकं कुठे थांबतं हे कळलं तर पुढच्या माणसाचे हेलपाटे वाचतील, म्हणून हा धागा.

माझी समजूत आधी मांडतो, चुकली असेल तर दुरुस्त करा. नगरसेवक अभियंत्याला हुकूम देऊ शकत नाही, कारण अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे आहे. नगरसेवकाच्या हातात तीन गोष्टी उरतात: प्रस्ताव मांडणं, सभागृहात प्रश्न विचारणं आणि महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकाला मंजुरी देणं. तेव्हा आपण त्यांच्या हातात असा कागद द्यायला हवा की ज्याचा या तिन्ही ठिकाणी उपयोग होईल.

सगळ्यांना एकाच आकड्यांवर बोलता यावं म्हणून एक नमुना गल्ली धरू: लांबी ११८ मीटर, दोन्ही कंपाउंडमधलं अंतर ६ मीटर, २२ घरं, आज नुसता मुरूम, ड्रेनेज नाही, मुख्य रस्त्यावर महापालिकेचं चेंबर आहे. पक्ष आणि नावं या धाग्यात नकोत. कागद, मापं आणि पायऱ्या लिहा.

मोजपट्टी

सुरुवात रस्त्यापासून करू नका, जागेपासून करा. पहिला प्रश्न हा: ती गल्ली कागदोपत्री कोणाची आहे? हद्दवाढ भागातल्या फाईली सर्वांत जास्त इथेच अडतात, आणि अडल्याचं अर्जदाराला कळतही नाही, कारण फाईलवर फक्त "जागेची मालकी तपासावी" एवढा शेरा असतो.

तीन शक्यता असतात. बिनशेती होऊन रेखांकन (लेआउट) मंजूर झालेलं असेल, तर मंजूर नकाशात रस्ता दाखवलेला असतो. नगररचना विभागातून त्या नकाशाची प्रमाणित प्रत काढा आणि रस्ता व मोकळी जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाल्याची ताबापावती आहे का ते बघा. बऱ्याच रेखांकनांत नकाशा मंजूर असतो पण ताबा दिलेला नसतो, म्हणजे रस्ता आजही मूळ मालकाच्या सातबाऱ्यावर असतो. दुसरी शक्यता, रस्ता विकास आराखड्यातला असेल. मग भाग नकाशा काढायचा आणि भूसंपादन झालंय का ते विचारायचं. तिसरी शक्यता गुंठेवारीची, म्हणजे रेखांकन मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटांची, आणि आपल्याकडे तीच जास्त.

सातबारा ऑनलाइन मिळतो, त्याला वेळ लागत नाही. इतर हक्कांचा रकाना नीट वाचा. रस्त्याचं क्षेत्र वेगळं दाखवलंय का, की अख्खा गट अजून एकाच नावावर आहे, यावरून पुढची दिशा ठरते.

महापालिकेने खासगी जागेवर पैसा खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली अधिकाऱ्यावर येते. म्हणून अभियंता सही करायला कचरतो. त्याला आडमुठा म्हणण्याआधी त्याच्या हातात मालकीचा कागद द्या.

बाळीवेशीतली

गुंठेवारीचं थोडं उलगडून सांगाल का? २००१ च्या कायद्याने नियमित झालेल्या प्लॉटधारकांनी विकास शुल्क भरलेलं असतं. मग रस्ता मागायला आणखी कागद कशासाठी?

मोजपट्टी

ताई, मुद्दा बरोबर आहे आणि तोच निवेदनात लिहायचा. गुंठेवारी कायदा २००१ चा. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे गुंठेवारी भूखंड नियमित करता येतात. नियमित करताना घेतलेली रक्कम त्याच भागातल्या सुविधांवर खर्च व्हावी, असा कायद्याचा हेतू आहे. पण प्रत्येक घराचा दाखला वेगवेगळा निघतो आणि रस्त्याचा तुकडा कोणाच्याच दाखल्यात येत नाही. २२ पैकी १४ जणांनी नियमित केलं आणि ८ जणांनी नाही, तर रस्ता अर्धवट अवस्थेत राहतो.

उपाय असा. ज्यांचं झालंय त्यांच्या दाखल्यांच्या आणि शुल्काच्या पावत्यांच्या प्रती एकत्र लावा, भरलेल्या रकमेची बेरीज करून निवेदनातच आकडा लिहा. रस्त्याची जागा ज्याच्या नावावर आहे त्याचं किंवा वारसांचं संमतीपत्र जोडा: "सदर ६ मीटर रुंदीची पट्टी सार्वजनिक रस्ता म्हणून महापालिकेकडे वर्ग करण्यास हरकत नाही." खासगी रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करायची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे. नगरसेवकाचं खरं काम इथे सुरू होतं. हा घोषणेचा विषय नगररचना विभागाकडून पुढे सरकवून घेणं एका सामान्य माणसाला जमत नाही, चार नगरसेवकांच्या सह्यांचं पत्र असेल तर जमतं. माझ्या मते रस्त्याच्या निधीपेक्षा हे पत्र जास्त मोलाचं, कारण एकदा रस्ता महापालिकेचा झाला की ड्रेनेज, दिवे, पाणी सगळ्यालाच वाट मिळते.

फाईलचा_माग

चार नगरसेवकांचा विषय निघालाच आहे. सोलापुरात २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक आहेत. २४ प्रभागांत चार-चार, दोन प्रभागांत तीन-तीन. अ, ब, क, ड ही आरक्षण ठरवण्यासाठी प्रभागातल्या जागांना दिलेली अक्षरं आहेत, भागाची वाटणी नव्हे. "ही गल्ली ब वाल्यांकडे आहे" असं कोणी सांगितलं तर ती त्यांची आपसातली सोय समजा. कायद्याने संपूर्ण प्रभागाचे सगळेच प्रतिनिधी आहेत. निवेदन चौघांच्या नावे एकच द्या, प्रत झोन कार्यालयाला, आणि झोनच्या आवक नोंदीचा शिक्का व क्रमांक आपल्या प्रतीवर घ्या. शिक्का नसलेलं निवेदन नोंदीत सापडत नाही, मग त्याची चौकशी कशाच्या आधारे करणार?

आता कागद कुठून कुठे जातो ते. महापालिकेची आठ विभागीय कार्यालयं आहेत, आपण त्यांना झोन म्हणतो. झोनचा कनिष्ठ अभियंता किंवा अवेक्षक जागेवर येऊन मापं घेतो. त्यावरून दरसूचीप्रमाणे त्या कामाचं अंदाजपत्रक (खर्चाचा अंदाज) बनतं. नंतर तांत्रिक मंजुरी, मग लेखाशीर्षात तरतूद आहे का याचा लेखा विभागाचा शेरा, मग प्रशासकीय मान्यता. रकमेनुसार आयुक्त, स्थायी समिती किंवा सर्वसाधारण सभा. त्यानंतर निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल.

यात दोन जागी फाईल झोपते. पहिली, मापं घेण्याआधी: अभियंत्याकडे अनेक निवेदनं असतात आणि "आमच्या नगरातील रस्ता करावा" एवढंच लिहिलेलं असलं की ते सर्वांत खाली जातं. दुसरी, लेखा विभागाच्या शेऱ्यावर: अंदाजपत्रक तयार, पण हेडमध्ये (लेखाशीर्षात) पैसा नाही.

म्हणून कोणत्या हेडमधून काम मागतोय ते निवेदनातच लिहा. लहान गल्लीला नगरसेवकांचा भांडवली निधी पुरतो. वस्ती पात्र असेल तर लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना किंवा दलित वस्तीचा निधी. मोठी ड्रेनेज लाईन, नाला किंवा जलवाहिनी असेल तर नगरोत्थान किंवा अमृतसारखी राज्य-केंद्राची योजना, ती एका गल्लीसाठी मिळत नाही. जिल्हा नियोजन आणि आमदार निधी हे आणखी दोन दरवाजे. तिथेही अंदाजपत्रक बहुतेक वेळा महापालिकेचाच अभियंता करतो, म्हणून झोनमधलं काम कुठल्याच वाटेने चुकत नाही.

कडकभाकरी

वेळेचं सांगतो, कारण नव्वद टक्के लोक चुकीच्या महिन्यात जातात बघा. आयुक्तांचं वार्षिक अंदाजपत्रक आधी स्थायी समितीकडे आणि मग सभागृहाकडे जातं, आणि कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. म्हणजे पुढच्या वर्षीची यादी डिसेंबर-जानेवारीतच पक्की व्हायला लागते. आपण एप्रिलमध्ये "नवीन वर्ष लागलंय, आता पैसे आले असतील" म्हणून गेलो की वर्ष गेलंच.

त्यात आपल्याकडे जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग, होम मैदान, दिवे, पाणी यात बांधकामाचा स्टाफ गुंतलेला असतो आणि ते योग्यच आहे. म्हणून मापं घ्यायला बोलवायचं तर दिवाळी झाल्या झाल्या बोलवा. नोव्हेंबरात मापं, डिसेंबरात कामाचं अंदाजपत्रक, संक्रांतीच्या आत नगरसेवकांच्या यादीत नाव. हा क्रम धरला तर पुढचं काम पुढच्या हिवाळ्यात सुरू होतं. हिवाळ्यातच का, ते काँक्रीटवाले सांगतील.

वाळू_खडी_पाणी

सांगतो. मार्चअखेर पैसा खर्ची टाकायचा म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यारंभ आदेश निघतात आणि काँक्रीट एप्रिल-मेमध्ये पडतं. त्या दिवसांत सोलापुरात पारा चाळिशीपार असतो, वारा कोरडा असतो. वरचं पाणी तासाभरात उडतं, पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात आणि मुकादम मिक्सरमध्ये वरून पाणी सोडतो, कारण माल घट्ट होतो. वरून सोडलेलं पाणी म्हणजे ताकद कमी. सहा महिन्यांत वरचा थर सुटून खडी उघडी पडते. नागरिक म्हणतात सिमेंट कमी घातलं. कित्येकदा सिमेंट बरोबर असतं, पाण्याने घात केलेला असतो.

नमुना गल्लीचं गणित करू. ११८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, १५० मिलिमीटर जाड काँक्रीट. ११८ × ४ × ०.१५ म्हणजे जवळजवळ ७१ घनमीटर. ६ घनमीटरचा ट्रान्झिट मिक्सर असेल तर १२ खेपा. हे मोजणं कोणालाही जमतं: कट्ट्यावर बसून खेपा मोजा आणि प्रत्येक चलनाचा फोटो घ्या. चलनावर ग्रेड (एम ३०), प्रमाण आणि प्लांटमधून निघाल्याची वेळ असते. ८ खेपांतच गल्ली संपली तर जाडी १०० मिलिमीटरच्या आसपास भरलीय, हे भांडण न करता सिद्ध होतं.

ताकदीच्या चाचणीसाठी १५० मिलिमीटरचे ठोकळे भरतात. भारतीय मानकाप्रमाणे ७१ घनमीटरला ५ नमुने, एका नमुन्यात ३ ठोकळे, म्हणजे १५. ठोकळे जागेवर, त्याच मिक्सरच्या मालातून भरले पाहिजेत. २८ दिवसांचा अहवाल आल्याशिवाय अंतिम बिल निघू नये, अशी मागणी नगरसेवकांनी लेखी करून ठेवावी.

खालचा थर यापेक्षा महत्त्वाचा. आपल्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची फरशी मधोमध तडकते. अंदाजपत्रकात "काळी माती काढून मुरूम भरणे" ही बाब आहे का ते बघा. किमान ३०० मिलिमीटर मुरूम, १५० च्या दोन थरांत, पाणी मारून रोलर फिरवून. ही बाब नसेल तर काम सुरू झाल्यावर ठेकेदार ती फुकट करणार नाही, आणि करायला सांगणंही रास्त नाही.

सांधे: दर ४ मीटरला काप, खोली स्लॅबच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी म्हणजे ५० मिलिमीटर. उन्हाळ्यात काप त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी मारावा लागतो. तीन दिवसांनी कटर आला तर भेग स्वतःची जागा निवडून मोकळी झालेली असते. क्युरिंग १४ दिवस, गोणपाट सतत ओलं किंवा मातीचे आळे करून पाणी साठवून. आता कळेल की चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात मे महिन्यातलं क्युरिंग कोण आणि कशाने करणार. टँकर कोणाचा, ते काम सुरू होण्याआधी ठरवा.

शेळगी_नाका

रस्ता झाला की घर खाली जातं त्याचं काय? जुन्या नगरांत तीन-तीन थर चढलेत, पाणी सरळ उंबऱ्यातून आत यायलंय.

वाळू_खडी_पाणी

दादा, त्याचा बंदोबस्त अंदाजपत्रकातच करावा लागतो. "अस्तित्वातील पृष्ठभाग खोदून काढणे व वाहून नेणे" ही बाब आणि अंतिम पातळीचा आकडा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतो तसं प्रत्येक घराच्या जोत्याचं टोक आणि रस्त्याची आजची पातळी मोजून यादी करा. २२ घरांना एक सकाळ पुरते. रस्त्याचा मध्य सर्वांत खालच्या जोत्यापेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली राहिला पाहिजे, अशी अट निवेदनात लिहा. निविदा निघाल्यावर हे सांगून उपयोग नाही. जादा खोदाई म्हणजे जादा बाब, तिला पुन्हा मंजुरी, आणि काम बंद.

चेंबरझाकण

रस्त्यावर इतकं बोलणं झालं, पण क्रम उलटा होतोय. आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाईन आणि घरोघरच्या जोडण्या, मग रस्ता. नगरसेवकांना रस्ता आवडतो कारण तो दिसतो. जमिनीखालचा पाईप दिसत नाही. पण ड्रेनेजशिवाय काँक्रीट मागणाऱ्या गल्लीने दोन वर्षांत तेच काँक्रीट ब्रेकरने फोडायची तयारी ठेवावी.

ड्रेनेजची फाईल उताराच्या आकड्यावर उभी राहते किंवा पडते. जुना ठोकताळा असा की पाईपच्या इंचांना दहाने गुणा: ६ इंचीला ६० मीटरला १ मीटर उतार, ९ इंचीला ९० मीटरला १ मीटर. नमुना गल्लीत ६ इंची घातला तर ११८ मीटरला जवळजवळ १.९७ मीटर उतार लागतो, ९ इंचीला १.३१ मीटर. समजा वरच्या टोकाला पाईपचा तळ जमिनीखाली ०.७५ मीटर आहे आणि गल्लीची जमीन मुख्य रस्त्याकडे ०.४० मीटर उतरते. मग खालच्या टोकाला ६ इंचीचा तळ २.३२ मीटर खोल जातो, ९ इंचीचा १.६६ मीटर. आता मुख्य रस्त्यावरच्या चेंबरमध्ये काठी सोडून तळ मोजा. तो १.८० मीटर असेल तर ९ इंची बसतो, ६ इंची बसत नाही. १.२० मीटर असेल तर दोन्ही बसत नाहीत, आणि नगरसेवकाने कितीही निधी दिला तरी ती लाईन उलटी वाहणार. अशा वेळी पाणी दुसऱ्या दिशेच्या लाईनला सोडायचं की मुख्य लाईन खोल करायची, हा निर्णय गल्लीच्या बाहेरचा आहे आणि तो सभागृहातच मागावा लागतो.

हा ठोकताळाच आहे. अभियंता प्रवाहाचं गणित करून उतार यापेक्षा कमी धरू शकतो. पण ९ इंचीत २२ घरांचंच पाणी सोडलं तर धार पातळ राहते, गाळ बसतो. म्हणून वरच्या टोकाच्या चेंबरपर्यंत जेटिंग मशीनची (दाबाच्या पाण्याने लाईन साफ करणारी) गाडी पोचेल अशी जागा ठेवा.

चेंबर दर ३० मीटरला आणि प्रत्येक वळणावर. या गल्लीत दोन्ही टोकं धरून ५. चेंबरच्या तळाला पाईपच्या अर्ध्या उंचीची गोल नाळ काँक्रीटमध्ये ओढलेली हवी. सपाट तळ ठेवला की मैला तिथेच बसतो, आणि तुंबण्याची निम्मी कारणं तिथेच सापडतात. उरलेली कारणं: पावसाचं पाणी चेंबरमध्ये सोडणं, झाकण उचलून कचरा ढकलणं, आणि रस्ता करताना झाकण काँक्रीटखाली गाडणं. शेवटच्या चुकीसाठी कामाच्या आधी प्रत्येक चेंबरचं अंतर जवळच्या घराच्या कोपऱ्यापासून मोजून कागदावर ठेवा.

तुंबल्यावर माणूस आत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे. कोणी उतरवत असेल तर गल्लीने थांबवावं आणि नगरसेवकाने सकर (मैला ओढून घेणारी) किंवा जेटिंग गाडी मागवावी. एका चेंबरसाठी कोणाचा जीव पणाला लावणं मान्य होऊच नये.

नळाची_तोटी

पाण्याचं लिहिते. "पाणी कमी दाबाने येतं" या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही, मोजमाप द्या. आपलं पाणी उजनीवरून ११० किलोमीटरच्या जलवाहिनीने, तसंच भीमेवरच्या टाकळीवरून आणि हिप्परग्याहून येतं. पाकणी, सोरेगाव, भवानी पेठ इथे शुद्ध होतं, मग टाक्यांत आणि टाकीवरून पाळीने भागात. गल्लीतली अडचण यातल्या शेवटच्या टप्प्यात असते आणि ती १५ लिटरच्या बादलीने सापडते.

पाळीच्या दिवशी सगळ्या मोटारी बंद ठेवून पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घरात एकाच वेळी बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. पहिल्या घरी ४५ सेकंद म्हणजे मिनिटाला २० लिटर. शेवटच्या घरी १८० सेकंद म्हणजे मिनिटाला ५ लिटर. मधल्या घरापर्यंत दाब ठीक असून पुढे एकदम पडला तर त्या दोन घरांमध्ये गळती आहे, पाईप गंजून आतून बारीक झालाय किंवा मध्येच व्हॉल्व अर्धा उघडा आहे. पहिल्याच घरात कमी असेल तर गल्लीत खोदू नका, वरच्या व्हॉल्वचे आटे चावीवाल्याकडून विचारा. पूर्ण उघडायला किती आटे आणि पाळीला किती उघडतात, हे दोन आकडे तीन पाळ्या लिहून ठेवले की नगरसेवकांना पाणीपुरवठा विभागाशी बोलायला काहीतरी हातात येतं.

घाण पाण्याचं मुख्य कारण पाळीचा पुरवठा हेच आहे. चार दिवस लाईन रिकामी असते. पाणी बंद होताना आत पोकळी तयार होते, आणि जिथे फट आहे तिथून बाहेरचं गटाराचं पाणी ओढलं जातं. मोटार थेट लाईनला लावली की हीच ओढ आणखी वाढते. आणि फट बहुतेक वेळा मुख्य लाईनला नसते, घराच्या जोडणीत असते: गटारीतून नेलेला जुना जीआय पाईप. फेरुलपासून (मुख्य लाईनवर घराची जोडणी जिथे निघते तो जोड) पुढची जोडणी घरमालकाची जबाबदारी आहे, ती बदलायचा खर्च त्याचाच. हे स्पष्ट सांगणारा नगरसेवक लोकांना आवडत नाही, पण खरं तेच आहे.

चाचणी: नळाच्या टोकाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम राहायला हवं. आरोग्य किंवा पाणीपुरवठा विभागाचा माणूस थेंब टाकून रंग बघतो, पिवळा आला तर आहे. क्लोरीन शून्य आलं तर जीवाणू तपासणीचा नमुना द्यायला लावा. पाणी सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक आणि अर्ध्या तासाने एक असे दोन नमुने मागा. पहिला खराब आणि दुसरा चांगला निघाला तर दोष गल्लीतच शोधायचा. आणि शेवटचं टोक बंद असेल तर तिथे वॉशआऊट व्हॉल्व मागा. साचलेला गाळ काढायला दुसरी वाट नसते.

खांब_क्रमांक

दिव्यांचं थोडक्यात. एकच दिवा बंद असेल तर दिव्यातला ड्रायव्हर किंवा जोड गेलाय. एका रांगेतले सगळे बंद असतील तर पॅनेल, टायमर किंवा वायर. दिवसा चालू राहत असतील तर टायमर. तक्रारीत खांबाचा क्रमांक आणि यातला प्रकार लिहा, म्हणजे माणूस योग्य सामान घेऊन येतो. नवीन खांब मागताना २५ ते ३० मीटरला एक या हिशेबाने नमुना गल्लीला चार-पाच. खांब महावितरणचा असेल आणि दिवा महापालिकेचा, तर पत्र दोन्हीकडे लागतं.

फाईलचा_माग

एका शब्दाने पुष्कळ फरक पडतो, तो सांगायचा राहिला: दुरुस्ती की नवीन काम. खड्डा बुजवणं, चेंबरचं झाकण, गळती, दिवा हे देखभालीच्या हेडमधून झोनच्या पातळीवर होतं, त्यासाठी नगरसेवकाच्या निधीला हात लावू नका. भांडवली निधीतून झाकणं बदलून घेणारे प्रभाग वर्षअखेरीस मोठ्या कामाला रिकामे राहतात.

शिवाय पाणी, ड्रेनेज, सफाई, रस्त्यावरचे दिवे ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, अधिनियमाच्या कलम ६३ मधली. कलम ६६ मधल्या ऐच्छिक कामांत ती येत नाहीत. निवेदनात "कृपा करून" ऐवजी कलम ६३ लिहा.

बाळीवेशीतली

एक मतभेद नोंदवते. चारही नगरसेवकांकडे एकच निवेदन जातं तेव्हा पुष्कळदा प्रत्येकजण आपापल्या निधीतून ३०-३० मीटर करून देतो. ११८ मीटरला चार तुकडे, चार ठेकेदार, चार पातळ्या. जोडावर पाणी साचतं, आणि खराबी आली की प्रत्येकजण शेजारच्या तुकड्याकडे बोट दाखवतो. त्यापेक्षा एकाकडून एका वर्षी ड्रेनेज पूर्ण, दुसऱ्याकडून पुढच्या वर्षी रस्ता पूर्ण, असं लिहून घेणं बरं. गल्लीने वर्षभर थांबावं, पण तुकडे घेऊ नयेत.

फाईलचा_माग

ताई, मान्य. माझ्या वरच्या सल्ल्यात ही दुरुस्ती धरा: निवेदन चौघांना, पण त्यात "संपूर्ण ११८ मीटर एकाच अंदाजपत्रकात व एकाच निविदेत" असं वाक्य हवं.

मोजपट्टी

काम झाल्यावरचे कागद. कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, ठोकळ्यांचे अहवाल आणि दोषदायित्व कालावधीची अट, हे पाच माहिती अधिकारात मागा. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस. प्रती नको असतील तर फाईल बघायला मागा, पहिल्या तासाला शुल्क नाही. मोजमाप पुस्तिकेतली जाडी आणि तुम्ही मोजलेल्या खेपा शेजारी ठेवा.

दोषदायित्वाची तारीख गल्लीच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्या मुदतीत पडलेला खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने भरायचा असतो. कोणाला तारीख माहीत नसते, म्हणून तोच खड्डा पुन्हा महापालिकेच्या पैशाने भरला जातो.

निविदा अंदाजपत्रकापेक्षा फारच कमी दराने गेली असेल तर त्या गल्लीने जास्त जागं राहावं. अशा कामात पहिली कात्री मुरुमाच्या थराला आणि क्युरिंगला लागते.

हद्दवाढ_९२

सगळ्यांचं घेऊन निवेदनाचा मजकूर असा जुळवलाय, तपासा:

"प्रति, प्रभागातील सर्व सन्माननीय नगरसेवक व नगरसेविका, प्रत: विभागीय अधिकारी, झोन कार्यालय. विषय: अमुक नगर, गल्ली क्रमांक अमुक येथे ड्रेनेज व त्यानंतर काँक्रीट रस्ता करणेबाबत (कलम ६३). लांबी ११८ मीटर, रुंदी ६ मीटर, घरं २२. जागेची कागदपत्रं: मंजूर नकाशा किंवा गुंठेवारी दाखले १४, भरलेलं एकूण विकास शुल्क, मालकाचं संमतीपत्र. जमिनीचा उतार मुख्य रस्त्याकडे ०.४० मीटर. सर्वांत खालच्या जोत्याची पातळी सोबतच्या यादीत. काळी माती काढून मुरूम भरणे ही बाब अंदाजपत्रकात घ्यावी. संपूर्ण काम एकाच अंदाजपत्रकात व एकाच निविदेत घ्यावे. काँक्रीटचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात व्हावे."

चेंबरझाकण

एक ओळ राहिली, आणि अभियंता पहिल्यांदा तीच शोधेल: मुख्य रस्त्यावरच्या चेंबरच्या तळाची खोली. मोजून "१.८० मीटर, अमुक तारखेला मोजली" असं उताराच्या वाक्यापुढे लिहा. आणि "एकाच निविदेत" हे ड्रेनेज आणि रस्ता दोन्हींना मिळून लिहू नका, प्रत्येकाला वेगळं लिहा. ड्रेनेजचा चर भरल्यावर माती बसायला एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो. दोन्ही कामं एकाच आदेशात गेली तर ठेकेदार चर बुजवून पुढच्याच आठवड्यात वर काँक्रीट ओततो, आणि चराच्या रेषेवर ते खचतं.

हद्दवाढ_९२

दोन्ही दुरुस्त्या केल्या. ड्रेनेज पुढच्या हिवाळ्यात, रस्ता त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, असे दोन परिच्छेद वेगळे केलेत.